गाडीचा जाम झालेला सायलेन्सर घरी कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायलेन्सर बदलायचा म्हणजे चार नट सोडायचे आणि दोन क्लॅम्प ढिले करायचे, असं कागदावर दिसतं. गाडीखाली शिरल्यावर कळतं की त्या नटांची तपकिरी ढेकळं झाली आहेत आणि पाइपात पाइप असा रुतलाय की दोन्ही मिळून एकच लोखंड वाटावं. मी हे काम बरीच वर्षं घरीच करतोय. लोक मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आपण बोलताना मॅनिफोल्डपासून (इंजिनातला धूर गोळा करणारा ओतीव भाग) मागच्या टोकापर्यंतच्या सगळ्यालाच ‘सायलेन्सर’ म्हणतो, मीही इथे तसंच म्हणतो. जिथे नेमका भाग सांगायचाय तिथे त्याचं नाव घेतलंय.

मुळात हे इतकं जाम होतं कशामुळे?

सायलेन्सर बाहेरून गंजतो तसा आतूनही गंजतो. बाहेरून चिखल आणि पाणी लागतं, बर्फाच्या प्रदेशात त्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाची भर पडते. आतलं पाणी मात्र इंजिनच तयार करतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी बनतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर मागचा डबा (आवाज दाबणारा भाग) नीट तापतच नाही आणि पाणी तिथेच साचतं. म्हणून बहुतेक गाड्यांचा मागचा डबा आधी कुजतो.

आता नटाचं बघा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि स्टड (एका टोकाने भागात पक्का बसवलेला, डोकं नसलेला बोल्ट) यांच्या आट्यांमध्ये आधीच फट नावाला असते. तिथे गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखं होतं. त्यात रोज तापणं-थंड होणं चालू असतं, त्यामुळे कारखान्यात लावलेला मुलामा आणि तेलाचा थर केव्हाच जळून गेलेला असतो.

काय वाचवायचं आणि काय कापायचं, हे कसं ठरवू?

सगळ्या कामातला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो पाना हातात घेण्याआधी सोडवायचा आहे. गाडीखाली बॅटरी घेऊन जा आणि प्रत्येक सांध्यापाशी स्वतःला विचारा: या सांध्याची कुठली बाजू गाडीवर राहणार आहे?

समजा मागचा डबा बदलायचाय आणि मधला पाइप ठीक आहे. मग मागच्या डब्याचा पाइप, त्याचा क्लॅम्प, त्याचे नट-बोल्ट हे सगळं भंगारात जाणार. त्यांना हवं तसं कापा, ठोका, तापवा. मधल्या पाइपाचं टोक मात्र जपायचं, कारण नवा डबा त्यावरच बसणार आहे. त्या टोकाला चेपा आला तर नवा सांधा कायम फुसफुसत राहील.

पुढच्या बाजूला हिशेब उलटा होतो. मॅनिफोल्डमध्ये किंवा टर्बोच्या तोंडावर बसवलेले स्टड तुटले, तर एका नटाच्या नादात दोन दिवस जातात. तिथे नट गेला तरी चालेल, स्टड वाचला पाहिजे. आणि स्टडसुद्धा गेला तरी चालेल, पण तो ज्या ओतीव भागात बसलाय त्याचे आटे वाचले पाहिजेत. मी खडूने खुणा करतो: जे कापायचं त्यावर फुली, जे राखायचं त्यावर गोल. दोन तास पाठीवर पडून डोकं तापलेलं असताना ही खूण माणसाला सावरते.

गाडीखाली शिरण्याआधी काय काय बघायचं?

जमीन सपाट आणि कडक हवी. माती, गवत किंवा उन्हात मऊ झालेलं डांबर असेल तर तिथे काम करू नका, जॅकचा पाया हळूहळू खचतो. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. मग जॅकने उचला आणि कंपनीने ठरवून दिलेल्या जागांखाली जॅक स्टँड लावून गाडीचं वजन स्टँडवर उतरवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, ‘एकच नट बघतो’ म्हणूनही नाही. विटांची रास तर अजिबात नको. वीट न सांगता फुटते.

या कामात एक वेगळा धोका आहे. चाक बदलताना आपण गाडीला हिसके देत नाही, इथे मात्र पूर्ण ताकदीने पाना ओढतो. म्हणून स्टँडवर उतरवल्यावर, खाली शिरण्याआधी, गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन बघा. डगमगली तर पुन्हा लावा. पाना शक्यतो गाडीच्या लांबीच्या दिशेने ओढला जाईल असा पवित्रा घ्या. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं तर आणखी एक आधार मिळतो.

सायलेन्सर पूर्ण थंड झालेला हवा. पुढचा भाग शेकडो अंशांपर्यंत तापतो आणि काळा दिसत असतानाही हात भाजतो. रात्री गाडी लावा, सकाळी काम करा.

डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा घाला. खाली पडून वर बघत ठोकताना गंजाची पापुद्री थेट डोळ्यात पडते आणि तिला धार असते. हायब्रिड गाडी असेल तर खालून जाणाऱ्या नारिंगी वेष्टनाच्या जाड वायरी उच्च दाबाच्या असतात. त्यांच्याजवळ कापणं-तापवणं करू नका.

हत्यारं कोणती लागतील?

सहा कोनी गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाच्या फक्त कोपऱ्यांना धरते आणि तेच कोपरे आधी झिजलेले असतात. सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर दाब देते. सायलेन्सरवर बहुधा ८ आणि १० मिलिमीटरचे बोल्ट असतात. त्यांना गाडीप्रमाणे १२, १३, १४ किंवा १७ नंबरचा पाना लागतो. लांब दांड्याची टॉमी (गोटी फिरवायचा दांडा), तारेचा ब्रश, मध्यम वजनाचा हातोडा, छिन्नी, लोखंड कापायची करवत, गंज सोडवणारं तेल आणि शक्य असेल तर हातात धरायचा गॅसचा टॉर्च. ग्राइंडर असला तर वेळ वाचतो, पण मी बरेच सायलेन्सर नुसत्या करवतीने उतरवले आहेत.

करवतीचं पातं नवं घ्या. बोथट पात्याने गंजलेला पाइप कापणं ही स्वतःच्या खांद्यांना दिलेली शिक्षा आहे.

डब्ल्यूडी-फोर्टी मारलं तर सुटेल का?

हलका गंज असेल तर सुटेल. पण ते मूळचं त्या कामाचं नाही. १९५३ साली ते बनलं ते पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी, आणि नावातला चाळीसचा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. जाम आट्यांसाठी खास ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ म्हणून मिळणारं पातळ तेल जास्त कामाचं. काही जण ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. तेही चांगलं मुरतं, पण दोन्ही एकमेकांत टिकत नाहीत, प्रत्येक वेळी हलवून घ्यावं लागतं. शिवाय अॅसिटोन झटकन पेट घेतं, त्यामुळे टॉर्च वापरायचा असेल त्या दिवशी ते मिश्रण जवळपासही नको.

कुठलं तेल घेता यापेक्षा ते कसं लावता याने जास्त फरक पडतो. आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ घासा. गंजाच्या खपल्यांवर तेल मारलं तर ते खपल्याच पितात. मग तेल मारा, नटाच्या डोक्यावर हातोड्याचे चार-पाच टोले द्या म्हणजे बारीक भेगा पडतील, आणि पुन्हा तेल मारा. हे आदल्या दिवशी सकाळी, संध्याकाळी आणि काम करायच्या दिवशी सकाळी, असं तीनदा करा. मी गाडी दोन दिवस आधीपासून अशी तयार करतो. ते दोन दिवस वाया गेले असं मला कधी वाटलं नाही.

नट सुटतोय की तुटतोय, हे हाताला कसं कळतं?

हे शब्दांत सांगणं अवघड आहे, पण सांगायलाच हवं.

सुटणारा नट आधी अजिबात हलत नाही. तुम्ही जोर वाढवत जाता, आणि मग एकदम ‘कट्’ असा कोरडा, टणक आवाज येतो. पाना थोडासा सरकतो आणि पुन्हा घट्ट होतो. आवाज ऐकून पोटात गोळा येतो, पण ही चांगली खूण आहे, गंजाचा सांधा तडकला. पुढे तो किरकिरत, कुरकुरत फिरतो.

तुटणारा स्टड वेगळा वागतो. आवाज येत नाही. पाना फिरायला लागतो, पण ते फिरणं मऊ असतं, चिवट गूळ वळावा तसं. जोर तेवढाच लागतो किंवा किंचित कमी होतो आणि पाना सोडला की तो थोडा मागे येतो. म्हणजे नट जागेवरच आहे आणि स्टड पिळला जातोय. त्या क्षणी थांबा. पाना उलट्या दिशेला, म्हणजे घट्ट करायच्या दिशेला, हलकेच न्या. तेल मारा, तापवा, वेळ द्या.

माझ्या हातून असा एक स्टड गेलाय. पुढच्या पाइपाच्या फ्लँजवर (जोडणीच्या चपट्या कडेवर) तीन नट होते. पहिले दोन कट् कट् करून सुटले. तिसरा मऊ लागला. मला ते जाणवलं होतं, पण रात्र झाली होती आणि आजच संपवायचं असं मनाने घेतलं होतं, म्हणून ओढला. तो मॅनिफोल्डच्या अगदी बरोबरीने तुटला, धरायला काडीभरही उरला नाही. दुसरा अख्खा दिवस ड्रिल करण्यात गेला.

म्हणून पहिला नियम: पहिला जोर सोडायच्या दिशेला देऊ नका. आधी किंचित आवळा. केसभर हलला तरी पुरे. मग पाव फेरा सोडा, पुन्हा थोडा आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. एका दमात सोडायला गेलात तर तुटलेला गंज आट्यांत गोळा होऊन नट अर्ध्यावर पुन्हा जाम होतो.

नट गोल झालाय, पाना घसरतो. आता?

एक नंबर लहान गोटी हातोड्याने ठोकून बसवून बघा. १३चा नट झिजून १२च्या गोटीत घट्ट बसतो, असं पुष्कळदा होतं. नाहीतर आतून पीळ असलेल्या, झिजलेल्या नटांसाठीच्या खास गोट्या मिळतात, त्या चांगल्या धरतात. लॉक होणारी पकड वापरायची तर पहिल्याच प्रयत्नात कचकचीत लावा. दोनदा घसरली की उरलेले कोपरेही जातात.

हे सगळं फसलं तर नट फोडा. नटाच्या एका सपाट बाजूवर, स्टडच्या लांबीच्या दिशेने, ग्राइंडरने किंवा करवतीने खाच पाडा. खाच आट्यांपर्यंत जाऊ नये, थोडं लोखंड शिल्लक ठेवा. मग त्या खाचेत छिन्नी धरून एक सणसणीत टोला. नट उमलतो आणि स्टड बचावतो. जागा असेल तिथे मी आता झिजलेल्या नटावर वेळ घालवतच नाही, सरळ फोडतो.

तापवल्याने नक्की काय होतं, आणि किती तापवायचं?

१० मिलिमीटर जाडीचं पोलाद ४०० अंश सेल्सिअसने तापवलं की ते जेमतेम ०.०५ मिलिमीटर फुगतं. एवढंसं फुगून काय होणार असं वाटेल. पण गंज ठिसूळ असतो, पोलादासारखा ताणला जात नाही. नट स्टडपेक्षा आधी आणि जास्त फुगला की मधला गंजाचा थर तडकतो. म्हणून ज्योत नटावर धरायची, स्टडवर नाही. दोन्ही सारखेच तापले तर दोन्ही सारखेच फुगतील आणि काही साधणार नाही.

हातातल्या गॅस टॉर्चने नट सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवा. छोट्या टॉर्चला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि पाइप उष्णता ओढून घेत असेल तर नट लाल होणारही नाही. तरी उपयोग होतो. गरम असतानाच पाना लावून आधी आवळायच्या, मग सोडायच्या दिशेला हलवा.

नाही हलला तर मेणबत्तीचा उपाय करा. नटाची लाली जाऊ द्या आणि तो गरम असतानाच मेणबत्ती स्टडच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. वातीत तेल चढतं, तसंच. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला पाइपाच्या मागच्या बाजूने, नटापलीकडे, मेणाचा थेंब बाहेर आलेला दिसला. आठवडाभर जे तेल तिथे पोचलं नव्हतं तिथे मेण अर्ध्या मिनिटात पोचलं होतं. तो नट मग बोटांनी काढण्याजोगा सुटला.

लालभडक नटावर तेलाचा फवारा मारू नका, भडका उडतो.

इंधनाची टाकी जवळ आहे. टॉर्च वापरू का?

नाही. मागच्या डब्याच्या आसपास टाकी, इंधनाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, वायरी आणि खालच्या बाजूला फासलेला डांबरी थर, सगळं हाताच्या अंतरावर असतं. तिथे थंड उपाय करा: तेल, करवत, नट फोडणं. ग्राइंडरच्या ठिणग्याही दूरवर उडतात, त्यामुळे टाकीपाशी करवतच बरी. मागचा भाग तसाही बहुतेक वेळा फेकायचाच असतो.

पुढच्या बाजूला टॉर्च वापरतानाही ब्रेक क्लीनर जवळ ठेवू नका. त्यातल्या क्लोरीन असलेल्या प्रकारांवर ज्योत किंवा लाल तापलेलं लोखंड आलं तर फॉसजीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. आधी त्याने भाग धुतला असेल तर पूर्ण सुकल्याशिवाय तापवू नका. जस्ताचा चंदेरी मुलामा असलेला नट तापवला की पांढरा धूर येतो. तो छातीत घेतला तर ताप-थंडी भरते. उघड्यावर काम करा, आग विझवायचं साधन हाताशी ठेवा, आणि काम झाल्यावर अर्धा तास गाडीपाशीच थांबा.

इंजिन गरम असताना नट लवकर सुटतात, हे खरं का?

ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणारा, पाइपात बसवलेला भाग) बाबतीत कोमट असताना काढणं सोपं जातं, हे खरं. बाकी नटांना फारसा फरक पडत नाही, कारण नट आणि स्टड दोन्ही सारखेच तापलेले असतात. आणि फक्त तेवढ्यासाठी बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. अर्धवट सुटलेल्या सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड तुमच्या तोंडाशीच येतो आणि त्याला वास नसतो.

इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) चालेल?

क्लॅम्पवर आणि भंगारात जाणाऱ्या बोल्टवर बिनधास्त. मॅनिफोल्डच्या स्टडवर नको, कारण ‘मऊ लागतंय’ हे गन तुमच्या हाताला कळूच देत नाही.

स्टड तुटला. आता काय?

आधी चहा प्या. खरंच सांगतो, रागाच्या भरात पुढचं पाऊल टाकलं तर नुकसान वाढतं.

थोडा भाग बाहेर असेल तर तो घासून, तेल मारून, तापवून लॉक होणाऱ्या पकडीने फिरवा. वेल्डिंग येणारं कोणी असेल तर उरलेल्या बुंध्यावर नवा नट वेल्ड करून घेणं सर्वात खात्रीचं. वेल्डिंगची उष्णता थेट स्टडला बसते आणि गंज सुटतो. त्याआधी बॅटरीची तार काढून ठेवा.

बरोबरीने तुटला असेल तर ड्रिल करायचं. मधोमध पंचने खूण करा आणि हे मधोमध साधायला जितका वेळ लागेल तितका द्या. खूण एका बाजूला गेली की ड्रिल मऊ ओतीव लोखंडात घुसतं. ३ मिलिमीटरने सुरुवात करा, तेल सोडत राहा, टप्प्याटप्प्याने वाढवा. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याच्या, म्हणजे १.२५ पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर) स्टडला ६.८ मिलिमीटरपर्यंत ड्रिल नेलं की जुने आटे तारेच्या वेटोळ्यासारखे टोकदार साधनाने उपसून काढता येतात आणि मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्यायचा.

भोकात ठोकून उलटं फिरवायचे एक्स्ट्रॅक्टर मिळतात. जो स्टड चांगल्या पान्याने सुटला नाही तो त्या बारीक एक्स्ट्रॅक्टरने सुटेल, अशी फार आशा धरू नका. तो आत तुटला तर त्याचं पोलाद इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. मी ते फक्त तापवलेल्या, आधीच जरा हललेल्या स्टडवर वापरतो.

स्टड नुसत्या पत्र्याच्या फ्लँजमध्ये असेल तर काळजीचं कारण नाही. आरपार ८.५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि ८चा नट-बोल्ट लावा.

पाइपात पाइप अडकलाय. क्लॅम्प काढला तरी हलत नाही.

ओढू नका. ओढण्याची ताकद सांध्याला लागतच नाही. ती पुढच्या जाळीदार लवचीक नळीला आणि रबरांना लागते, आणि ती नळी जास्त वाकली की फाटते.

क्लॅम्प जिथे होता तिथे पाइप आत दाबला गेलेला असतो, एक गोल खोबण दिसेल. तिथेच सगळी पकड असते. सांध्याभोवती फिरत फिरत हातोड्याने मध्यम टोले द्या, समोरच्या बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून ठेवला तर पाइप चेपत नाही. मग ओढण्याऐवजी पिळा: मागचा डबा दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. बोटभर फिरला की समजा निघाला.

नाहीच हलला, तर बाहेरचा पाइप कोणता आणि आतला कोणता ते बघा. बाहेरचा जाणार असेल तर त्याला लांबीच्या दिशेने चार-पाच सेंटिमीटरची चीर द्या. पाइपाचा पत्रा साधारण दीड-दोन मिलिमीटरचा असतो. हळूहळू कापत गेलं की एका क्षणी चकचकीत चिरेच्या तळाशी गंजाची काळी-तपकिरी रेघ दिसते. तिथे थांबायचं, ती आतल्या पाइपाची पाठ आहे. मग चिरेत छिन्नी घालून पत्रा केळीच्या सालीसारखा उलगडायचा. आतला पाइप बहुधा स्वच्छ निघतो, किंचित पॉलिश पेपर मारला की नवा डबा बसायला तयार.

आतला जाणार असेल तर तो सांध्याजवळ आडवा कापा आणि आत उरलेला तुकडा करवतीच्या सुट्या पात्याने आतून चिरून, दुमडून काढा. याला वेळ लागतो.

सायलेन्सर टांगलेले रबर निघत नाहीत.

साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे लावा आणि पक्कडीने कडेने ढकला. खनिज तेल लावू नका, ते रबर फुगवतं. जुनं रबर टाकायचंच असेल तर सरळ सुरीने कापा. फक्त क्रम पाळा: सगळे सांधे सुटल्यानंतर रबरं शेवटी काढायची आणि तोवर डब्याखाली जॅक किंवा लाकडाचा आधार ठेवायचा. डबा वाटतो त्यापेक्षा जड असतो आणि तो छातीवर पडतो.

ऑक्सिजन सेन्सरचं काय करू?

आधी त्याचा प्लग सुटा करा, नाहीतर पाइप खाली येताना वायर तुटेल. सेन्सर पाइपातच ठेवून पाइप उतरवता येत असेल तर तसंच करा, बाहेर काढून निवांत सोडवणं कितीतरी सोपं. बहुतेक सेन्सरना २२ नंबरचा पाना लागतो, आटे १८ मिलिमीटरचे असतात. वायर जाण्यासाठी बाजूने कापलेली खास गोटी मिळते. पण फार जाम असेल तर ती गोटी उमलते. अशा वेळी वायर सोडवून रिंग पाना घाला. सेन्सर पुन्हा वापरायचा असेल तर गंज सोडवणारं तेल अगदी थेंबभर, फक्त आट्यांना. टोकाला लागलं तर सेन्सर खराब होतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) ठोकलं तर चालेल का?

चालणार नाही. बहुतेकांच्या आत चिनी मातीसारख्या पदार्थाचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं असतं. ते तडकतं आणि तुकडे पुढे जाऊन वाट अडवतात. ठोकायचं तर सांध्यावर, कन्व्हर्टरच्या पोटावर कधीच नाही.

पाइप मागच्या एक्सलवरून वळून जातो. अख्खा निघतच नाही.

कारखान्यात तो एकसंध बसवला गेला असेल, तुम्हाला तसाच काढायची गरज नाही. टाकून द्यायचा असेल तर एक्सलच्या पुढे कापा आणि दोन तुकड्यांत काढा. ठेवायचा असेल तर गाडीच्या सांगाड्याला स्टँड लावून मागची चाकं मोकळी लोंबू द्या, एक्सल खाली जातो आणि वर वाट होते. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, तेवढं बघत राहा.

नवा बसवताना असं काय करावं की पुढच्या वेळी हा त्रास होणार नाही?

तापवलेला एकही नट-बोल्ट पुन्हा वापरू नका, त्याचा कडकपणा गेलेला असतो. मॅनिफोल्डच्या स्टडवर पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेले नट लावा, ते लोखंडाला सहजासहजी धरत नाहीत. आट्यांना उष्णता सोसणारी अँटीसीझ पेस्ट लावा, तांब्याची किंवा निकेलची. पाइपाच्या सांध्यात आतल्या पाइपालाही पातळ थर द्या. सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, सिलिकॉनचा सीलंट वापरू नका, त्याच्या वाफा सेन्सर निकामी करतात. गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ न देणारी चकती) प्रत्येक वेळी नवं.

सगळे सांधे आधी ढिले ठेवून पूर्ण लांबी टांगा, पाइप कुठे घासत नाही ना ते बघा, मग पुढून मागे आवळत या. स्प्रिंग असलेले बोल्ट आवळताना स्प्रिंग चेपून सपाट करायची नसते. तो सांधा हलता राहावा म्हणूनच तशी रचना केलेली असते. नंतर उघड्यावर इंजिन चालू करा, जाड कापडाने मागचं तोंड क्षणभर दाबा आणि प्रत्येक सांध्यापाशी कान द्या. फुस्स ऐकू आलं की तिथेच गळती. दोन-चार दिवस गाडी चालवून, थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा बघून घ्या. पहिल्या तापण्यात ते थोडे ढिले होतात.

कधी हात टेकावेत?

तुटलेला स्टड इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असेल आणि ड्रिल सरळ धरायला जागा नसेल, तेव्हा. खालचा पत्राच इतका कुजलेला असेल की स्टँड लावायला भरवशाची जागा सापडत नसेल, तेव्हा तर गाडी उचलूच नका. आणि तुम्ही एकटे असाल, आसपास हाक मारायला कोणी नसेल, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

अर्धवट राहिलं. सायलेन्सरशिवाय गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का?

नका नेऊ. आवाजाचं सोडा. उघड्या तोंडातून निघणारा तापलेला वायू थेट गाडीचा तळ, वायरी आणि इंधनाच्या नळ्यांवर आदळतो, आणि तळातल्या भोकांमधून आत बसायच्या जागेत शिरतो. गाडी ट्रकवर चढवून न्या आणि मेकॅनिकला कुठला स्टड तुटला, किती ड्रिल केलं, कोणतं तेल मारलं, हे आधीच सांगा. तापवताना त्याला ते माहीत असायला हवं.